सोंग, बतावणी आणि तोतया : वेषवाचक शब्दांचे व्यवहारातील व कायद्यातील अर्थ

प्रस्तावना

माणसाच्या बाह्य रूपाविषयी मराठीत वेष, सोंग, ढोंग, बतावणी, तोतया, बहुरूपी असे अनेक शब्द आहेत. वरवर पाहता ते एकमेकांचे पर्याय वाटतात. परंतु रूप पालटणारा आणि ते पाहणारा यांच्यातील नाते प्रत्येक शब्दात निराळे आहे. प्रस्तुत लेखात या शब्दांचे रूढ अर्थ आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील संबंधित तरतुदी यांची तुलना करून त्यांतील एक विसंगती दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

व्यवहारातील अर्थ

'सोंग' आणि 'ढोंग' हे शब्द बोलण्यात जोडीने येतात. तरी त्यांत भेद आहे. ढोंग नेहमीच निंद्य असते. सोंगाचे तसे नाही. झोपेचे सोंग लबाडीचे असेल. पण बोहाड्यात देवदेवतांची सोंगे नाचविली जातात तेव्हा गाव ती श्रद्धेने पाहते. सोंग 'आणले' जाते आणि 'उतरविले'ही जाते. ते केव्हातरी उतरणार, हे पाहणाऱ्याला ठाऊक असते.

'बतावणी' या शब्दाचा प्रवास अधिक बोलका आहे. तमाशात गण, गौळण यांनंतर बतावणी येते. तेथे ती प्रेक्षकांच्या संमतीने रंगते. वृत्तपत्रांत मात्र हाच शब्द 'पोलीस असल्याची बतावणी करून दागिने लांबविले' अशा वाक्यांत भेटतो. शब्द एकच, एके ठिकाणी पाहणारा सहभागी आहे, दुसऱ्या ठिकाणी बळी.

'तोतया' या शब्दाला मूळ व्यक्ती लागते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून वावरलेल्या इसमास १७७६ मध्ये देहदंड झाला, न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाचा विषय तोच. भाऊ होते म्हणूनच त्यांचा तोतया झाला.

कायद्यातील अर्थ

मराठी कायदेपरिभाषेत 'तोतयेगिरी' हा शब्द आला, तो अर्थ विस्तारून. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४१६ च्या स्पष्टीकरणानुसार, ज्याचे रूप घेतले तो इसम खरा असो वा काल्पनिक, गुन्हा घडतोच. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्येही ही भूमिका कायम असून कमाल शिक्षा तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. येथे कायद्याचा अर्थ व्यापक असला तरी न्याय्य आहे. कारण ठकवणूक हा या गुन्ह्याचा अविभाज्य घटक आहे.

खरी अडचण कलम २०५ मध्ये (पूर्वीचे कलम १७१) आहे. या कलमाच्या शीर्षकात 'कपटी उद्देश' असा उल्लेख आहे. मजकूर मात्र वेगळे सांगतो. लोकसेवक नसलेल्या व्यक्तीने लोकसेवकांसारखा पेहराव केला आणि आपण त्या वर्गातील आहोत असे लोकांना वाटावे हा तिचा उद्देश असला, किंवा तसे वाटण्याचा संभव आहे एवढी जाणीव जरी तिला असली, तरी ते पुरेसे आहे. लाभ वा हानी यांचा तेथे उल्लेख नाही. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. शीर्षक कलमाच्या स्पष्ट शब्दांवर मात करू शकत नाही, हे अर्थनिर्णयाचे सर्वमान्य तत्त्व येथे आडवे येते.

बहुरूप्याचा पेच

बहुरूपी फौजदाराच्या गणवेशात दुकानात शिरतो, दरडावतो, लग्नाचे आमंत्रण देतो आणि हशा पिकल्यावर बिदागी मागतो. त्याची कला पहिल्या क्षणी लोकांचा विश्वास बसण्यावर उभी आहे. म्हणजे कलेचे यश तेच गुन्ह्याचे लक्षण ठरते. कलम ३३ मधील क्षुल्लक हानीचा अपवाद त्याला वाचवू शकेल. पण तो त्याला कलावंत म्हणून नव्हे, किरकोळ उपद्रव म्हणून वाचवितो. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियमाची दृष्टीही अशीच आहे. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करणे अशा 'मिषाने' भिक्षा मागणे हीही त्यात भीकच ठरते.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. त्यांनी कोणतेही सोंग घेतले नव्हते. अनोळखी रूप म्हणजे कपट, असे पाहणाऱ्यांनीच ठरविले. वेष वाचण्याची सामाजिक क्षमता ओसरली की संशय तिची जागा घेतो. अशा काळात कायद्याने तरी रूप आणि कपट यांत अंतर राखणे अगत्याचे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सोंग उतरविण्याच्या हेतूने घेतले की लपविण्याच्या, हा मराठी भाषेने जपलेला भेद कलम २०५ च्या मजकुरात आढळत नाही. शीर्षकातील 'कपटी उद्देश' हे शब्द मजकुरात समाविष्ट केल्यास तो भेद कायद्यातही येईल. तोपर्यंत बहुरूप्याचे संरक्षण पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून राहील, आणि हक्काची जागा मेहेरबानी घेईल.