रसिकांची ‘आदर्श स्त्री’ : बालगंधर्व आणि गोहरबाई

मराठी संगीत रंगभूमीचा विचार करताना नटांइतकाच रसिकवर्गही चिकित्सेचा विषय व्हायला हवा. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेल्या आणि १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी एक ठरलेल्या बालगंधर्वांनी रंगमंचावर जी स्त्री उभी केली, तिची वेशभूषा व केशभूषा घरंदाज स्त्रियांनीही अनुकरणीय मानली. कुलीन स्त्रीत्वाचा मानदंड असा पुरुषाच्या देहातून सिद्ध झाला. इंदापूर-बारामतीसारख्या ग्रामीण भागातील तमाशात प्रत्यक्ष स्त्री गात-नाचत होती. तिला मात्र याच अभिरुचीने हीन लेखले.

या मानदंडाची कसोटी दोनदा लागली. ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुरुषवेशातील गंधर्व चाहत्यांना रुचले नाहीत. पुढे १९३८ मध्ये गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या. त्यांचे गाणे गंधर्वशैलीत मुरलेले होते. तरीही अनेक रसिकांनी मंडळीच्या ऱ्हासाचे खापर त्यांच्याच माथी फोडले. वस्तुतः मंडळीवरील कर्ज त्यांच्या आगमनाहून जुने होते आणि १९३२ पासून मराठी बोलपटही स्पर्धेत उतरला होता. गोहरबाई स्त्री होत्या, मुस्लिम होत्या आणि व्यावसायिक गायिका होत्या, हाच त्यांचा ‘अपराध’ ठरला.

तात्पर्य, रसिकता ही निव्वळ सौंदर्यदृष्टी नसते; कलेच्या दालनात कोणी यावे, हे ठरवणारी ती सत्ताही असते. गंधर्वयुगाचा गौरव करताना गोहरबाईंना न्याय देणे, हे समीक्षेचे कर्तव्य आहे.