अर्धीच सांगितलेली गोष्ट

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांत विज्ञान प्रदर्शनासाठी परीक्षक म्हणून जाण्याचा आम्हांला योग येतो. उद्घाटनाच्या भाषणात एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ हा अग्निबाण समुद्रात कोसळला. इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन यांनी पत्रकारांसमोर अपयश स्वतःच्या अंगावर घेतले. १८ जुलै १९८० ला यश आले, तेव्हा मात्र त्यांनी प्रकल्प संचालक अब्दुल कलाम यांना पुढे केले. तात्पर्य : अपयशाला घाबरू नका.

गोष्ट उत्तम आहे. खुद्द कलामही ती सांगत. आमची तक्रार एवढीच, की मधल्या अकरा महिन्यांत काय झाले ते कोणी सांगत नाही. त्या काळात उड्डाणाच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिला टप्पा ठीक चालला होता; दुसऱ्या टप्प्याचे नियंत्रण गेले होते. त्यासाठी लागणारे नायट्रिक आम्ल एका झडपेतून आधीच गळून गेले होते. ही झडप काही धवनांच्या मोठ्या मनाने दुरुस्त झाली नाही. पण वरिष्ठांनी जबाबदारी घेतली की हाताखालच्या माणसाला चूक लपवावी लागत नाही. त्या मोठेपणाचा खरा उपयोग हा!

असे काम करायला अग्निबाणच हवा असे नाही. गडचिरोलीतच अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने एक प्रश्न घेतला : गावातल्याच प्रशिक्षित बाईने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेतली, तर बालमृत्यू घटतील का? सेवा ३९ गावांत दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९३ पासून दोन वर्षे आधी मृत्यूंची मोजणी केली, मग सेवा सुरू केली. उपाय फसता, तर तेही आकड्यांत उघड झाले असते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

आमच्या प्रदर्शनांत मात्र चालणाऱ्या प्रतिकृतीला बक्षीस मिळते. न चालणारी टेबलाखाली जाते, आणि ती का चालली नाही हे तिच्याबरोबरच जाते. शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. प्रत्येक प्रकल्पाबरोबर एक वही मागावी : काय अपेक्षित होते, काय घडले, पुढच्या वेळी काय बदलले. आणि दहा गुण त्या वहीला द्यावेत, प्रतिकृती चालो वा न चालो.