ठळक शब्द आणि त्याला चिकटलेला प्रत्यय

आजचा विषय तसा किरकोळ: मार्कडाउनमध्ये शब्द ठळक किंवा तिरका कसा करायचा. पण मराठी टिपणं त्यात ठेवायला लागल्यावर या किरकोळ गोष्टीनेच आम्हाला सगळ्यात जास्त छळलं.

जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं. एक चांदणी म्हणजे भर, दोन चांदण्या म्हणजे जास्त भर. अधोरेखन नाही, हायलाइट नाही. ही उणीव प्लगइन भरून काढतात. मार्कडाउन-इटला एक प्लगइन जोडलं, की दुहेरी बरोबर-चिन्हांतला मजकूर हायलाइट होतो. सोय आहेच. पण किंमत बघा. पाण्याच्या सूत्रातला २ एकेरी टिल्डमध्ये ठेवला तर पॅनडॉक तो अक्षराच्या पायाशी उतरवतो. गिटहब तोच २ खोडून टाकतो! मजकूर तोच, अर्थ भलताच.

आता मराठीकडे येऊ. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात. *राम*ने हे नीट दिसतं. _राम_ने दिसत नाही, कारण कॉमनमार्कच्या नियमात खालच्या रेघेची खूण शब्दाच्या मध्येच बंद होत नाही. आणि **‘कोसला’**मध्ये लिहिलं तर चांदण्या जशाच्या तशा उरतात: बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर आलं, की त्या बंद करणाऱ्या धरल्याच जात नाहीत. इंग्रजीत तिथे बहुधा मोकळी जागा असते, म्हणून हे सहसा खुपत नाही. आपल्याला रोजच खुपतं.

मग यावरही प्लगइन लिहायचं का? आमचं मत, आधी नको. अवतरणचिन्हं बाहेर घ्या: ‘**कोसला**’मध्ये. प्रश्न मिटला, आणि फाइल कुठेही चालते.

प्लगइन दोन जातींची असतात. एक नवी खूण शिकवतं. ते काढलं की मजकुरात नुसती चिन्हं उरतात. दुसरं खूण तीच ठेवून फक्त दिसणं बदलतं. देवनागरीत तिरकं अक्षर मुळात उपरं. बऱ्याचदा ब्राउझर सरळ अक्षरच ओढून वाकडं करतो. तिथे एका चांदणीचा मजकूर वेगळ्या रंगात दाखवणारा बदल आम्हाला मनापासून पटतो. त्याला तर कित्येकदा प्लगइनही लागत नाही, शैलीपत्रकातल्या दोन ओळी पुरतात.

तेव्हा कसोटी एकच: प्लगइन काढून टाका आणि फाइल वाचून बघा. वाचता आली, तर ते ठेवण्यासारखं आहे.