टर्बाइनच्या चित्रातून गळलेली पाती

पूर्णा नदीचे पाणी हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वर धरणात येते, ते वरच्या येलदरीच्या वीजकेंद्रातून. तिथे साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. वर्गात मात्र आपण फळ्यावर एक चाक काढून त्यावर पाण्याची धार सोडतो. कोयनेच्या पहिल्या टप्प्याला, जिथे पाणी शेकडो मीटर खाली येते, हे चित्र शोभते. धरणाच्या पायथ्याच्या केंद्राला नाही. तिथे चाकाभोवती मार्गदर्शक पाती असतात. ती जागा सोडत नाहीत, फक्त कोन बदलतात आणि पाण्याला आधीच गरका देतात. तीच आकृतीतून गायब!

परळीसारख्या औष्णिक केंद्रात तर स्थिर व फिरत्या पात्यांच्या रांगा एकाआड एक असतात. पुलाच्या खांबामागे जसा संथ, घोटाळलेला पट्टा दिसतो, तसा प्रत्येक पात्यामागे उरतो. रांगा फार जवळ असल्या तर तो पुढच्या रांगेला हादरे देतो. फार लांब असल्या तर वाफेची शक्ती वाटेत घर्षणात जाते. शिवाय एका स्थिर रांगेचा पट्टा पुढच्या स्थिर रांगेतल्या पात्याच्या कडेवर पडतो की दोन पात्यांमधल्या फटीत, यानेही कार्यक्षमता किंचित बदलते. कडेवर पडलेला सहसा बरा.

टेबलपंखा आणि कागदी भिरभिरे यांच्यामध्ये पुठ्ठ्याच्या तिरप्या पट्ट्या उभ्या करून, त्यांचा कल उलटवून मुलांना पाहू द्यावे.