मिरवणूक थांबत नाही

बालकथा मुलांना निजवण्यासाठी असते आणि मूल मोठे झाले की तिचे काम संपते, असा समज आपल्या घराघरांतून रुजलेला आहे. उत्तम बालकथा मात्र हा समज जुमानीत नाही. हान्स ख्रिश्चन अँडरसन (१८०५–१८७५) या डॅनिश लेखकाची ‘राजाचा नवा पोशाख’ ही १८३७ साली प्रसिद्ध झालेली कथा याची साक्ष देते.

कथाबीज अँडरसनचे स्वतःचे नव्हे. चौदाव्या शतकातील स्पॅनिश लेखक दॉन हुआन मानुएल याच्या कथासंग्रहातील एक कथा त्याने जर्मन भाषांतरात वाचली. त्या कथेत, ज्याचा जन्म औरस नाही त्याला ते अद्भुत वस्त्र दिसत नाही. अँडरसनने ही अट बदलली. जो आपल्या पदाला नालायक आहे किंवा निव्वळ मूर्ख आहे, त्याला वस्त्र दिसणार नाही, असे त्याचे लबाड विणकर सांगतात. या एका बदलाने कथेचा रोख कुळाच्या प्रतिष्ठेवरून आपल्या लायकीविषयी प्रत्येकाच्या मनात दडलेल्या भयाकडे वळला.

लहान मूल ही कथा ऐकते ते राजाच्या फजितीसाठी. प्रौढ वाचकाची नजर मात्र वृद्ध मंत्र्यावर खिळते. हा मंत्री लबाड नाही; तो प्रामाणिक म्हणूनच त्याला मागाकडे धाडले जाते. रिकामा माग पाहताच तो स्वतःच्या डोळ्यांवर नव्हे, स्वतःच्या योग्यतेवर शंका घेतो आणि नसलेल्या कापडाची स्तुती करतो. असत्य टिकते ते दुष्टांच्या बळावर कमी आणि भल्या माणसांच्या संकोचावर अधिक, हे सातव्या वर्षी कळत नाही. चाळिसाव्या वर्षी टाळता येत नाही.

लहान मुलाचा तो प्रसिद्ध उद्गार अँडरसनने कथा छापली जात असताना घातला. पण त्याची खरी प्रतिभा दिसते ती त्यानंतरच्या ओळींत. लोकांचे म्हणणे खरे आहे हे राजाला उमगते, तरीही तो अधिकच ताठ मानेने चालत राहतो आणि सेवक नसलेला झगा उचलून धरतात. सत्य उच्चारले गेले, तरी मिरवणूक थांबली नाही. मुलाच्या उद्गाराशी कथा संपवणारी संक्षिप्त आवृत्ती आपल्याला एक सोपा विजय देते. मूळ कथा तो देत नाही.

अँडरसनला हा संयम नेहमीच साधला असे नाही. याच पुस्तिकेतील ‘छोटी जलपरी’ या कथेच्या शेवटी गुणी मूल परीची परीक्षा एका वर्षाने कमी करते आणि खोडकर मुलामुळे गळणाऱ्या प्रत्येक अश्रूगणिक ती एका दिवसाने वाढते. येथे लेखक कथा सोडून बालश्रोत्याला धाक घालू लागतो. एका सुंदर शोकांतिकेला हा शेवट शोभत नाही. राजाच्या कथेत असा उपदेश नाही, म्हणूनच ती अधिक खोल जाते.

अँडरसनच्या पहिल्या पुस्तिकांच्या नावात ‘मुलांसाठी सांगितलेल्या’ असे शब्द होते. १८४३ पासून त्याने ते गाळले. ऐकणाऱ्या मुलापाशी एक मोठे माणूसही बसलेले असते, हे त्याने ओळखले होते. तेव्हा निजानीज होताना मुलांना ही कथा अवश्य वाचून दाखवावी, पण पूर्ण वाचावी. मूल हसत झोपी जाईल. वाचणाऱ्याने मात्र आपल्या हातात कोणाच्या झग्याचे टोक आहे, हे पाहून घ्यावे.