पाण्याखालचा आकडा काय सांगतो?

शेंदूरजनाघाटच्या संत्र्याचे पान ठेचून स्पिरिटात भिजवा. गाळलेला हिरवा अर्क कडक उन्हात धरून बाजूने पाहिल्यास तांबूस दिसतो. ही हरितद्रव्याची प्रतिदीप्ती. समुद्र इथून दूर. पण मालवणच्या सरगॅसमसारख्या समुद्रशैवालाची हीच चमक जर्मनीतील वाल्झ कंपनीचे ‘डायव्हिंग-पॅम’ पाण्याखाली मोजू शकते. त्यावरून प्रकाश वापरण्याची कार्यक्षमता कळते. जमिनीवरील निरोगी पान अंधारात ठेवून मोजले, तर ती सुमारे ०.८३ येते, शैवालांची बहुधा कमीच.

आक्षेप उपकरणावर नाही, वाचनावर आहे. आकडा घसरला म्हणजे पाणी दूषित, हा निष्कर्ष घाईचा. स्वच्छ पाण्यातही भर दुपारच्या उन्हाने तो घसरतो! शिवाय ऑक्सिजन किती तयार झाला, हे तो थेट सांगत नाही. त्यासाठी हायड्रिलाचे बुडबुडे मोजण्याचा आपला शालेय प्रयोग, ढोबळ असला तरी, अधिक सरळ. गढूळपणा आणि क्षार तर वेगळेच मोजावे लागतात.