मार्कस नावाची माणसं

शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरच्या खुनानंतर लोकांसमोर दोन भाषणं होतात. आधी ब्रूटस बोलतो, मग मार्क अँटनी. या दोघांचं पहिलं नाव एकच आहे, मार्कस, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ‘मार्क’ हा इंग्रजीचा घाट. आपण तो तसाच उचलला. त्याच नाटकातला सिसेरोही मार्कसच, पण त्याला आपण उपनावानेच ओळखतो. मला वाटतं, या सवयीमुळे इतिहासातला एक विलक्षण धागा आपल्या हातून सुटतो.

रोमन माणसाचं पाळण्यातलं नाव फार स्वस्त असे. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात पुरुषांची जेमतेम दीडएक डझन नावं सर्रास वापरात होती. शिलालेखात तर एका अक्षरावर काम भागे. रोममधल्या पँथिऑनच्या दर्शनी पट्टीवर मार्कस अग्रिप्पातला ‘मार्कस’ नुसत्या ‘एम’ने उरकला आहे आणि त्याचा बाप लूसियस नुसत्या ‘एल’ने. (स्वतःच्या नावापाठोपाठ बापाचं नाव, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको.)

इतक्या स्वस्त नावावर बंदी कशाला घालायची? तरी ती घातली गेली. गॉल लोकांपासून कॅपिटॉलची टेकडी वाचवणारा म्हणून गाजलेला मार्कस मॅनलियस राजा होऊ पाहतो, असा आरोप झाला आणि इ.स.पू. ३८४मध्ये त्याला टार्पियन कड्यावरून लोटून दिलं. लिव्ही सांगतो की, त्यानंतर त्याच्या कुळाने ठराव केला : मॅनलियस घराण्यात यापुढे मार्कस नाव ठेवायचं नाही.

सीझरच्या खुनानंतर काही महिन्यांनी, इ.स.पू. ४४च्या सप्टेंबरात, सिसेरोने अँटनीविरुद्धच्या आपल्या पहिल्याच भाषणात हा दाखला दिला, आणि तोही अँटनीची स्तुती करताना! अँटनीने ‘डिक्टेटर’ हे पद कायमचं रद्द केलं होतं. मॅनलियसांनी एक नाव टाकलं तसं तू या पदाचं नावच टाकलंस, असा सिसेरोचा आशय. पुढच्याच वर्षी अँटनीच्या सूडापायी सिसेरो मारला गेला. इ.स.पू. ३१मध्ये अ‍ॅक्टियमला ऑक्टेव्हियनच्या आरमाराने अँटनीचा पराभव केला. त्या आरमाराचा सेनापती होता पँथिऑनवरचा तोच मार्कस अग्रिप्पा. वर्षभरात सिनेटने ठरवलं की, अँटोनियस कुळात कोणी मार्कस नाव धारण करू नये. त्या वेळी कॉन्सलपदावर होता सिसेरोचा मुलगा, मार्कस.

प्लूटार्कने सिसेरोचं चरित्र इथेच संपवलं आहे. दैवाने अँटनीच्या शिक्षेचा शेवटचा अंक सिसेरोच्या घराकडे सोपवला, असा त्याचा सूर. मला तो शेवट जरा जास्तच गोळीबंद वाटतो. मॅनलियसांचा ठराव घरच्यांनी घरापुरता केला होता. अँटनीच्या बाबतीत सत्ता परक्याच्या पाळण्यापर्यंत पोचली आणि शिक्षा न जन्मलेल्यांना झाली. प्लूटार्क याबद्दल चकार शब्द काढत नाही.

वाट मात्र पडली. इ.स. २०मध्ये ग्नेयस पिसोने खटला चालू असतानाच जीव दिला, तेव्हा सिनेटने त्याच्या थोरल्या मुलाला बापाकडून आलेलं पहिलं नाव बदलायला लावलं. तो लूसियस झाला.